साचा सुटतो कसा?

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



‘साचा’ हा शब्द मराठीत फारशा आदराने उच्चारला जात नाही. ‘साचेबद्ध लेखन’, ‘एकाच साच्यातून काढलेली माणसे’, ‘ठरावीक साच्याचे उत्तर’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात नापसंतीच असते. शिक्षणावर टीका करायची झाली की ‘शाळा म्हणजे साचा’ हे वाक्य हमखास ऐकू येते. टीका करणाऱ्यांनी साच्यावर काम करणाऱ्या कारागिराशी दोन घटका बोलणे केले, तर त्यांना एक निराळीच गोष्ट कळेल. साच्याची कामे दोन असतात. आत घातलेल्या पदार्थाला आकार देणे हे पहिले काम, आणि आकार पक्का झाल्यावर त्या वस्तूला इजा न करता सोडून देणे हे दुसरे. पहिल्या कामाची चर्चा सर्वत्र होते. कारागिराची खरी परीक्षा पाहते ते दुसरे काम, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

वस्तू आणि साचा यांच्यामध्ये एक अत्यंत पातळ थर असावा लागतो. तयार वस्तूत तो कोठेही दिसत नाही. परंतु तो चुकला, तर वस्तू आणि साचा दोन्ही हातचे जातात. आजच्या कारखान्यांत या थराच्या द्रव्याला ‘रिलीज एजंट’ म्हणतात. नाव परके असले, तरी मराठी घरातील स्वयंपाकघराला ही कल्पना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. नारळीपाकाची वडी थापण्यापूर्वी ताटाला तूप लावतात. मोदकाच्या साच्याला आतून तुपाचे बोट फिरवल्यावाचून उकड भरत नाहीत. भाकरी थापताना परातीत कोरडी पिठी पसरतात. घावन आणि डोसे निघण्यासाठी बिडाचा तवा तेल देऊन देऊन मुरवावा लागतो आणि एकदा मुरला की तो दीर्घकाळ साथ देतो. दक्षिणेत इडलीच्या पात्रावर ओले फडके अंथरण्याची जुनी रीत आहे. स्निग्ध थर, कोरडी भुकटी, पृष्ठभागात मुरलेला लेप आणि मध्ये घातलेला पडदा असे हे चार उपाय आहेत. जगातील बहुतेक साचेकामात याच चार उपायांची रूपे आढळतात. प्रश्न एवढाच असतो, की कोणत्या कामाला कोणता उपाय योजावा.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी तमिळनाडूतील कुंभकोणमकडे वळणे उपयोगाचे आहे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले हे नगर मराठी माणसाला सर्वस्वी अनोळखी नाही. शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर येथे मराठी राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले आणि कुंभकोणमचा परिसर त्याच राज्याचा भाग होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच एका मराठी भाषक कुटुंबात जन्मले. नगराच्या नावाची आख्यायिकाही आजच्या विषयाला साजेशी आहे. प्रलयाच्या वेळी अमृताचा कुंभ वाहत आला, शंकराने बाण मारून तो फोडला आणि आतले अमृत बाहेर आले, असे सांगतात. मातीचे आवरण फुटल्यावर आतील मोलाची वस्तू प्रकट होणे हे त्या पंचक्रोशीत आजही घडत असते.

कुंभकोणमच्या शेजारी स्वामिमलै हे गाव आहे. तेथील स्थपती पंचधातूच्या देवमूर्ती घडवितात. चोळ राजांच्या काळापासून चालत आलेली ही विद्या ‘मधूच्छिष्ट विधान’ म्हणून ओळखली जाते. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उरलेले, अर्थात मेण. प्रथम मधमाशांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती घडवायची. नारळाच्या झावळीच्या पातीला घड्या घालून तालमान, म्हणजे अवयवांचे प्रमाण, ठरविण्याची तेथील रीत प्रसिद्ध आहे. मेणमूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या अतिशय मऊ मातीचा पातळ लेप द्यायचा आणि तो सावलीत वाळवायचा. त्यावर जाड मातीचे पुढचे थर चढवायचे. मोठ्या मूर्तीला लोखंडी तारांचा आधार द्यायचा. मग गोवऱ्यांच्या आचेवर साचा तापवायचा. आतील मेण वितळून वाहून जाते आणि मेणाने सोडलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतला जातो. निवाल्यावर साचा फोडतात. मूर्ती बाहेर येते, तासणी व घासणी होते आणि शेवटी शास्त्रोक्त विधीने तिचे डोळे उघडले जातात.

येथे साचा सुटण्याची अडचण कशी सोडवली आहे, ते पाहण्यासारखे आहे. मेणमूर्ती साच्यातून ओढून काढावी लागत नाही, ती वितळून निघून जाते. देवाच्या अनेक हातांच्या मधल्या फटी, नटराजाच्या उडत्या जटा, प्रभावळीच्या ज्वाळा यांच्या खाचाखोचांत कोणताही घट्ट नमुना अडकलाच असता. मेण अडकत नाही. पुढे धातूला सोडण्यासाठी साचा स्वतःच नष्ट होतो. म्हणून प्रत्येक मूर्तीसाठी नवे मेण आणि नवी माती लागते, आणि एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. दिल्लीच्या भारत मंडपम्‌समोर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी उभारलेली सुमारे २७ फूट उंचीची, १८ टन वजनाची नटराजमूर्ती स्वामिमलैच्या राधाकृष्णन स्थपती व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने घडविली. ओतकामाच्या वेळी संधी एकच असते. धातू मध्येच थिजला किंवा वाफ कोंडून साचा तडकला, तर मेणावरचे सारे कौशल्य वाया जाते, कारण मेण तर आधीच निघून गेलेले असते.

असे असले, तरी धातूला लगटून बसणारा मातीचा पहिला थर निवडताना फार काळजी घ्यावी लागते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात याचे तपशील आहेत. मराठी स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद याच ग्रंथात आहे, त्यामुळे मराठीच्या अभ्यासकांनाही तो जवळचा वाटतो. मातीत जाळलेला भाताचा तूस, अगदी बारीक केलेला कापूस आणि मीठ घालून ती गुळगुळीत दगडावर वाटावी, पहिला लेप पातळ द्यावा, सावलीत वाळवावा, दोन दिवसांनी दुसरा द्यावा आणि तिसरा जाड असावा, असे ग्रंथकार सांगतो. या प्रत्येक वस्तूला कारण आहे. मऊ माती मेणावरची केसाएवढी रेघही टिपते. कापसाच्या तंतूंमुळे वाळताना माती तडकत नाही. तुसाच्या काजळीमुळे माती सच्छिद्र होते, वायूंना वाट मिळते आणि कोळशाचा अंश असल्याने तप्त धातू मातीला चिकटून एकजीव होत नाही. आकार नेमका टिपणे आणि वेळ येताच सुटे होणे, हे दोन्ही गुण एकाच लेपात साधण्याची ही योजना आहे.

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या दिशेने काही किलोमीटर गेल्यावर नाच्चियारकोविल हे गाव लागते. तेथील पितळी समया, तमिळमध्ये ‘कुत्तुविळक्कु’, प्रसिद्ध आहेत आणि त्यांना भौगोलिक निर्देशांकाचे मानांकनही लाभले आहे. पद्धत मात्र स्वामिमलैहून वेगळी आहे. समईचे भाग गोल आणि साधे असतात, एकाच आकाराचे अनेक नग हवे असतात, म्हणून तेथे कावेरीकाठच्या बारीक वाळूमातीचा दोन भागांचा साचा वापरतात. कायमच्या नमुन्यावर माती ठासतात, साचा उघडून नमुना काढून घेतात, पुन्हा साचा मिटवून धातू ओततात. वाळूच्या ओतकामात दोन्ही भाग एकमेकांना चिकटू नयेत आणि नमुना स्वच्छ निघावा म्हणून मध्ये कोरडी भुकटी भुरभुरावी लागते. ओतशाळांत यासाठी विटकरीचे पीठ, शंखजिरे, बारीक कोरडी वाळू असे पदार्थ वापरले जातात. कोल्हापूरच्या ओतशाळांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ‘पार्टिंग पावडर’ हा शब्द सवयीचा असेल. परातीतील पिठीचेच हे कारखानी रूप होय.

अशा रीतीने एकाच नदीच्या मातीवर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोन गावांनी दोन वेगळे मार्ग पत्करले. गुंतागुंतीची, एकमेव मूर्ती हवी, तेथे साच्याचा बळी दिला. साधी आणि वारंवार लागणारी वस्तू हवी, तेथे नमुना राखला आणि मध्ये भुकटी घातली. वस्तू कोणती आणि ती किती वेळा काढायची, यावर निवड ठरली.

महाराष्ट्रातील शिल्पकारांनी तिसरा मार्ग हाताळला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ ची. गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे गाजलेले शिल्प प्लास्टरचेच आहे. मातीत घडविलेले शिल्प प्लास्टरमध्ये उतरविण्याची एक रीत अशी, की मातीच्या शिल्पावर प्लास्टरचा साचा चढवायचा, आतली माती खरवडून काढायची, साच्याच्या आतल्या बाजूस साबणाच्या पाण्याचे हात द्यायचे, त्यात पुन्हा प्लास्टर ओतायचे आणि शेवटी बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. येथे साचाही प्लास्टरचा आणि मूर्तीही प्लास्टरची! साबणाचा थर राहून गेला, तर दोन्ही एकरूप होतात आणि वेगळे करणे अशक्य होते. छिन्नी नेमकी कोठवर चालवावी हे कळावे, म्हणून साच्याच्या पहिल्या थरात थोडा निळा किंवा पिवळा रंग मिसळतात. रंगीत थर दिसू लागला की कारागीर सावध होतो, कारण त्याच्या पलीकडे मूर्तीची त्वचा असते.

आता आधुनिक काळातील संमिश्र पदार्थांकडे येऊ. संमिश्र पदार्थ म्हणजे दोन द्रव्ये एकत्र येऊन झालेला, दोहोंपेक्षा सरस गुणांचा पदार्थ. फायबरग्लासमध्ये काचेच्या तंतूंचे कापड आणि पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी राळ असते. तंतू बळ देतात आणि राळ त्यांना धरून ठेवते. मच्छीमारी नौका, पाण्याच्या टाक्या, बसगाड्यांचे भाग, पवनचक्क्यांची पाती, चौकाचौकांतील पुतळे अशा असंख्य वस्तू यापासून होतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने कुंभकोणमच्या पूर्वेकडील नागपट्टिणम किनाऱ्याची दैना केली. त्यानंतरच्या पुनर्वसनात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरग्लासच्या नौका मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. एका साच्यातून एकामागून एक नौका काढता येते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

मात्र या पदार्थाचा स्वभावच चिकटण्याचा आहे. घरात तुटलेली वस्तू सांधण्यासाठी जी दोन नळ्यांतील चिकट राळ मिसळतात, ती इपॉक्सीच असते. असा पदार्थ साच्यात घालून तो न चिकटता निघावा ही अपेक्षा धरायची, म्हणजे गोंदाच्या बाटलीकडून अलिप्तपणा मागण्यासारखे आहे. त्यात साचाही बहुधा फायबरग्लासचाच असतो. मूळ नमुन्यावर साचा करताना एकदा, आणि साच्यातून वस्तू काढताना दर वेळी, असा हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. पहिल्याच वेळी नमुना अडकला, तर तो घडवणाऱ्याचे कित्येक दिवसांचे श्रम आणि नवा साचा दोन्ही एकदम नष्ट होतात. म्हणूनच रिलीज एजंटची निवड हा नंतर पाहू म्हणून सोडण्याचा तपशील नाही, कामाच्या आराखड्यातच तिला स्थान हवे.

उपलब्ध साधने मुख्यत्वे पुढीलप्रमाणे आहेत. पहिले म्हणजे मेणाचे पॉलिश. यात ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण महत्त्वाचे. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नोबा ८० अंशांच्याही वर. राळ घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते, शिवाय पॉलिएस्टर राळेतील स्टायरीन मऊ मेणांना विरघळवू पाहते, म्हणून हे कठीण मेण उपयोगी पडते. स्वामिमलैत मेणाने वितळून जावे अशी अपेक्षा असते, येथे त्याने वितळू नये अशी. द्रव्य एकाच जातीचे, पण कामे परस्परविरुद्ध.

दुसरे साधन पीव्हीए, म्हणजे पाण्यात विरघळणारा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पापुद्रा. मेणाच्या थरावर तो फवारतात, वाळल्यावर तो इडलीखालच्या फडक्याप्रमाणे पडदा होतो आणि काम झाल्यावर पाण्याने धुऊन निघतो. नव्या साच्यासाठी हा सर्वांत निर्धास्त उपाय मानला जातो. परंतु फवारा असमान झाला, तर वस्तूच्या पृष्ठभागावर त्याच्या खुणा उमटतात, शिवाय दर वेळी तो नव्याने द्यावा लागतो. तिसरे साधन म्हणजे पृष्ठभागाशी रासायनिक बंध जोडून राहणारे लेप. मुरलेल्या तव्याप्रमाणे ते अनेक वेळा साथ देतात, म्हणून कारखान्यांत नगांची संख्या मोठी असली की त्यांना पसंती असते. मात्र साचा आधी पूर्ण स्वच्छ असावा लागतो आणि जुन्या मेणाचा अंशही चालत नाही. चौथे साधन राळेतच मिसळण्याचे, झिंक स्टीअरेटसारखे द्रव्य. पाचवा उपाय साच्याच्या लवचिकतेचा. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रबरी साचे वापरतात. रबर मागे वळवून सोलता येत असल्याने सोंड आणि हात यांच्या खाचा अडत नाहीत.

यांतून निवड करताना अनुभवी कारागीर काही प्रश्न क्रमाने विचारतो. नमुना सच्छिद्र आहे काय? लाकूड, प्लास्टर किंवा माती असेल, तर आधी चपडी लाखेचे पॉलिश किंवा तत्सम लेप देऊन छिद्रे बुजवावी लागतात. न बुजवलेल्या छिद्रांत राळ मुळे रोवते आणि मग वर कितीही मेण लावले तरी व्यर्थ. राळ कोणती आहे? पॉलिएस्टर घट्ट होताना किंचित आकसते आणि सुटण्यास मदत करते. इपॉक्सी फार कमी आकसते, म्हणून तिच्याबाबत अधिक दक्षता हवी. साचा नवा आहे काय? नवा साचा पूर्ण पक्का होऊ द्यावा लागतो, कारण अर्धवट पक्क्या पृष्ठभागावर नवी राळ रासायनिकदृष्ट्याच जोडली जाते. नव्या साच्यावर मेणाचे एकामागून एक अनेक हात देतात आणि प्रत्येक हात सुकण्यास अवकाश देतात. बाहेर आलेल्या वस्तूवर पुढे काय करायचे आहे? रंग द्यायचा असेल, तर सिलिकोन असलेली द्रव्ये टाळावीत. त्यांचा अंश उरला की रंग धरत नाही आणि माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे दिसतात. किती नग काढायचे आहेत? दहा नगांसाठी मेण पुरे होते, शेकडो नगांसाठी वेगळा विचार करावा लागतो.

आणखी एक प्रश्न साच्याच्या आकाराविषयीचा. बाजूच्या भिंती तोंडाकडे किंचित फाकलेल्या असाव्यात. भिंत आत वळलेली असेल, तर जगातील कोणतेही द्रव्य उपयोगी पडणार नाही. तेथे साचा दोन किंवा अधिक भागांचा करणे भाग आहे. नाच्चियारकोविलच्या कारागिराला हे ठाऊक असते आणि शंकरपाळ्याच्या डब्याचे झाकण जाम झालेल्या गृहिणीलाही.

या सगळ्यावर शेवटचा दंडक असा, की द्रव्य आणि राळ यांची जोडी आधी एका लहान तुकड्यावर पारखून पाहावी. तीच राळ, तोच पृष्ठभाग, तेच हवामान. तुकडा स्वच्छ सुटला, तरच मोठ्या साच्याला हात घालावा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फायबरग्लासचे काम योजणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर हे जाणत्यांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत, हातमोजे व चष्मा घालूनच करावे, कारण स्टायरीनची वाफ आणि राळ घट्ट करणारे द्रव्य दोन्ही अपायकारक आहेत.

हीरक महोत्सवाच्या प्रसंगी या विषयाचे औचित्य काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. ‘शाळा म्हणजे साचा’ ही टीका नाकारण्याचे कारण नाही. पाढे, शुद्धलेखन, प्रार्थनेची वेळ, वहीतील समास हे सारे आकार देण्याचेच प्रकार आहेत आणि आकाराविना धातूचा केवळ गोळा होतो. विचारायचा प्रश्न पुढचा आहे. मूल सुटताना शाळेने कोणती तयारी केली? येथेही निवड एकसारखी असू शकत नाही. काही मुले साध्या आकाराची, थोड्या पिठीवर सहज सुटणारी असतात. काही गुंतागुंतीची असतात. त्यांच्यासाठी शाळेला आपला ठरलेला साचा दर वेळी मोडावा लागतो आणि पुन्हा नव्याने बांधावा लागतो. हे खर्चाचे आणि कष्टाचे काम आहे, स्वामिमलैतही तसेच आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला पुढे इंग्रजीच्या, संगणकाच्या, परक्या शहराच्या जगात जायचे असते. त्यासाठी भाषेचा संस्कार खोल उमटावा आणि तरीही त्याने मुलाला अडकवून ठेवू नये, असे दोन्ही साधावे लागते. ज्या शिक्षकांनी हे साधले, त्यांचे हात तयार वस्तूत दिसत नाहीत, साबणाच्या पाण्याचे हात दिसत नाहीत तसेच.

या सभागृहात आज साठ वर्षांतील माजी विद्यार्थी बसले आहेत. त्यांत ओतशाळेतले आहेत, नौकाबांधणीतले आहेत, शेतीतले आहेत आणि स्वयंपाकघर सांभाळणारेही आहेत. त्यांनी येत्या वर्षभरात शाळेत येऊन आपापल्या कामातील साचे आणि ते सुटण्याच्या युक्त्या मुलांना हाती धरून दाखवाव्यात, ही शाळेची विनंती आहे. एक लहान साचा, थोडे मेण आणि चाचणीचा एक तुकडा, एवढ्या सामग्रीवर एक उत्तम तासिका उभी राहू शकेल.